सुगंधाबाईंची भुरी आणि कापसाची खोली

आमच्या गल्लीत सुगंधाबाई म्हणजे भांडकुदळ बाई, एवढंच सगळ्यांना ठाऊक. रेशनच्या रांगेत मध्ये घुसलेल्या माणसाला त्यांनी दंडाला धरून मागे नेऊन उभं केलं होतं, ही गोष्ट लोक हसत सांगतात. त्या कशासाठी भांडतात हे कुणी सांगत नाही. मला लिहिण्याची सवय नाही, आणि हे नीट जमेल की नाही तेही माहीत नाही. पण गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात जे झालं ते मी समोरच्या ओट्यावरून पाहिलं आहे.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. सुगंधाबाईंच्या घरात त्या, मुलगा रोहिदास, सून रत्ना आणि अडीच वर्षांची नात विधी. शिवाय भुरी नावाची कुत्री. नवरा वारला त्याच महिन्यात सुगंधाबाईंना शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगाखाली हे पिल्लू सापडलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. बाई शेतात निघाल्या की भुरी पुढे, परतताना भुरी मागे. उंदरांसाठी ठेवलेलं एक मांजरही आहे.

दिवाळीनंतर त्यांची मधली खोली कापसाने पार आढ्यापर्यंत भरते. होळीपर्यंत भाव चढेल म्हणून रोहिदास कापूस विकत नाही. गावात बहुतेक घरांत हेच चालतं. थंडीत भुरी आणि मांजर त्या ढिगाच्या पायथ्याशी खळगा करून झोपायची.

घरात कापूस असला की अंगाला खाज सुटते, हे आम्हा खानदेशातल्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं. त्यामुळे जानेवारीत विधीच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ आला तेव्हा कुणी वाकून पाहिलंही नाही. खोबरेल तेलात कापूर घालून चोळत राहिले. महिनाभर. पोरीने खाजवून खाजवून पाय सोलून काढले, तिला ताप भरला. मग एके दिवशी अंघोळ घालताना तिच्या झबल्यावरून काहीतरी तपकिरी टुणकन उडालं. रत्नाने चिमटीत धरलं. पिसू होती.

झालं. इतके दिवस सगळा दोष कापसाचा होता, तो एका क्षणात भुरीवर आला. रोहिदासने जाहीर केलं, कुत्रीला पोत्यात घालून चाळीसगावच्या रस्त्याला सोडून येणार. सुगंधाबाईंनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांत घरात पिसू दिसली नाही तर भुरी राहील, दिसली तर जाईल, असं ठरलं.

त्या रोज कडुनिंबाचा पाला उकळून भुरीला अंघोळ घालू लागल्या. बारीक फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवू लागल्या. गल्लीला करमणूक झाली. शालिग्राम आबांनी जाता जाता विचारलं, "अक्का, कुत्रीनी हळद लागनी का?" सुगंधाबाईंनी मान वर न करता सांगितलं, "तुम्हीबी या आबा. पानी उरेल शे."

भुरीच्या अंगावरच्या पिसवा कमी झाल्या, विधीच्या पायांवरचे चावे मात्र वाढतच होते. कुणालाही प्रश्न पडला नाही की असं का.

सहाव्या दिवशी बाई शेतात गेल्या. भुरीला फणी करायची राहिली होती म्हणून तिला अंगणात बांधून गेल्या. रोहिदासने कोपऱ्यातून कापसावर फवारायच्या औषधाची उरलेली बाटली काढली. बादलीत थोडं ओतलं, फडकं बुडवलं आणि कुत्रीला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळायला लागला. मी ओट्यावर होतो.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर होतो. गोचिडांसाठी हेच औषध लावलेले दोन बैल मी तडफडून मरताना पाहिले आहेत. ते कातडीतून आत जातं, आणि जनावर चाटतं म्हणून तोंडातूनही जातं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी उठलो, आणि परत बसलो. नाना, तुमचं काय जातं, असं तो म्हणेल, एवढ्याच भीतीने. तो म्हणालाही नव्हता.

अर्ध्या तासात भुरीच्या तोंडातून लाळेची धार लागली. मागचे पाय लटपटले, ती आडवी झाली. तेवढ्यात सुगंधाबाई आल्या. त्या बाटलीचा वास त्यांना फाटकातच आला असणार. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डोक्यावरचं ओझं टाकलं आणि घागरभर पाणी कुत्रीवर ओतलं. तेव्हा कुठे मी गेलो. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आम्ही दोघांनी तिला साबणाने तीन वेळा धुतलं. भडगावच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते मोटारसायकलवर आले, इंजेक्शनं दिली. लगेच धुतलं म्हणून वाचली, म्हणाले. दुपारपर्यंत भुरीने मान उचलली.

निघण्यापूर्वी डॉक्टर मधल्या खोलीत गेले. ढिगाच्या पायथ्याचा कापूस त्यांनी बाजूला केला. खाली काळ्या रव्यासारखे कण पडले होते. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवले, आणि फडक्यावर लाल डाग उमटले. पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त. डॉक्टरांनी समजावलं की कुत्रीच्या अंगावर असतात त्या थोड्या, बाकी सगळी पैदास अंडी आणि अळ्यांच्या रूपात जमिनीत, भेगांत, अंथरुणात असते. भुरीच्या मानेवर टाकायचं औषध त्यांनी लिहून दिलं, पण ती सावरल्यावर चार दिवसांनी टाकायला सांगितलं. मांजराचं वेगळं दिलं, कुत्र्याचं मांजराला चुकूनही लावू नका म्हणाले. आणि ही खोली रिकामी करा, गोधड्या उकळत्या पाण्यात टाका, तीन आठवडे रोज झाडा.

रोहिदास म्हणाला, खोली रिकामी होणार नाही. आभाळ आलंय, कापूस भिजला तर काळा पडेल. त्यापेक्षा कुत्रीच काढू.

त्याच्या पायाशी भुरी अजून थरथरत होती. पोटची पोर महिनाभर खाजवत होती. आणि हा माणूस आभाळ बघत होता.

सुगंधाबाई आत गेल्या. जुनं लुगडं अंथरून त्यात कापूस भरला, गाठोडं बांधलं आणि ओढत अंगणात आणलं. रोहिदास आडवा आला. भांडकुदळ बाई हळू आवाजात बोलल्या, म्हणून गल्ली कान देऊन थांबली आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुना कापूसले भाव शे. मना जनावरले नही का? भुरी आठेच ऱ्हाई. हाऊ बठ्ठा कापूस भायेर जाई."

भुरी इथेच राहील आणि सगळा कापूस बाहेर जाईल, हे ऐकूनही तो बाजूला झाला नाही. मग रत्ना उठली. विधीला तिने माझ्या ओट्यावर आणून बसवलं आणि सासूच्या लुगड्याचं दुसरं टोक धरलं. दोघी रोहिदासला वळसा घालून जा-ये करत राहिल्या. अंधार पडायच्या आत खोली रिकामी झाली. कापूस गोठ्याच्या पत्र्याखाली गेला. पाऊस आलाच नाही.

पुढचे तीन आठवडे बाईंनी ती खोली सोडली नाही. भेगा मातीने बुजवल्या, गोधड्या उकळल्या, केर रोज जाळला. दुपारी पोटऱ्यांना पांढरी फडकी गुंडाळून खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि फडक्यावर उडालेल्या पिसवा मोजायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस. दहाव्या दिवशी पुन्हा अकरा निघाल्या, कोशातून नव्या. शेवटचे चार दिवस एकही नाही.

तीन आठवडे संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिदास कापसाचं गाठोडं घेऊन त्या खोलीकडे आला. दारात खाट आडवी टाकलेली होती. खाटेवर सुगंधाबाई, खाटेखाली भुरी. तिचा मागचा एक पाय अजून ओढला जातो. रोहिदास गाठोडं घेऊन गोठ्याकडे परत गेला. सुगंधाबाई त्याच्याशी अजूनही कामापुरतंच बोलतात.

मी भुरीसाठी भाकरीचा तुकडा घेऊन गेलो होतो. सुगंधाबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, भुरीपुढे टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिन तुम्ही ओटावरच व्हतात ना, नाना?"

मी हो म्हणालो.

"मंग?"

मी खाली बसलो आणि भुरीचा ओढला जाणारा पाय चोळू लागलो.