बंद पाकीट आणि दोन पोती गुलाल

फौजेत मी गुपितं सांभाळली, असं साताऱ्यातल्या चहाच्या गाड्यावर मी लय ऐटीत सांगायचो. खरं तर मी लंगरवरचा, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातला, भांडारी. बटाटे किती उरले, एवढंच काय ते गुपित.

आमच्या गावचं गायरान आमदाराच्या संस्थेनं गिळलं, तेव्हा हायकोर्टात याचिका टाकली मीच. पण आमदारानं स्वतः उभं राहून हद्दीचे दगड उपटवले, ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच: दरसाल पूर्वेकडून मेंढरं घेऊन येणारा एक म्हातारा. मी त्याला मामा म्हणायचो.

"माजं नाव फुटलं तर रानात मेंढरं कोण बसवू दील?" मामानं विचारलं. खतासाठी शेतकरी रानात कळप बसवून घेतात. त्यावरच त्याचं घर चालायचं. म्हणून वकिलांनी त्याचं प्रतिज्ञापत्र बंद पाकिटात दिलं. न्यायमूर्तींनी ते वाचलं, पुन्हा बंद करायला लावलं आणि आमदारावर गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला.

ही नुसती सुरुवात होती. मला वाटलं, जिंकलो! आमच्याकडं सोसायटीची निवडणूक जिंकली तरी गुलाल लागतो. मी इस्लामपुरातून दोन पोती आणली, हलगी बोलावली आणि भर चौकात मामाला खांद्यावर घेतलं.

"उतरव रं, फौजी."

"आवं मामा, लाजताय काय! तुमीच सांगितलं म्हणून झालं हे समदं!" हलगीच्या वर जावं म्हणून मी ओरडलो.

"उतरव रं गड्या, पाया पडतो."

मी आणखी एक फेरी मारली.

त्या हंगामात मामाला एकाही रानात जागा मिळाली नाही. सगळ्यांचा ऊस आमदाराच्या कारखान्याला जायचा; त्यांना तरी काय म्हणू? पोलिसांपुढं मामा म्हणाला, "मी काय बगितलं न्हाई." वकील माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "कोर्टानं झाकलं होतं हो."

मामाला खांद्यावर नाचवल्याचा किस्सा मी गाड्यावर सांगतो, तेव्हा लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पुढचं सांगत नाही.

परवा कुंडलच्या रस्त्याला त्याचा कळप दिसला. निम्माही उरला नव्हता. मी गाडी थांबवून हाक मारली, "मामा!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं. मग काठीनं मेंढरं कडेला घेतली.

"जावा सायेब," म्हणाला, "वाट मोकळी हाय."