खळ थिजली त्या दिवशी

काल नातीच्या वहीला पुठ्ठा चिकटवायला मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासाने मरोळचा कारखाना आठवला. तिथे आम्ही बायका औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचो. खळ गरम असेपर्यंतच लेबल नीट बसतं. माल टेम्पोत चढल्याशिवाय सुट्टी नसायची आणि वाकोल्याला आमच्या नळाचं पाणी संध्याकाळी सहाला येऊन तासाभरात जायचं. एका दुपारी खळीची बादली नुकती स्टोव्हवरून उतरवली होती, तेवढ्यात शेठ एका साहेबांना घेऊन आले. काम हळू होतं म्हणून ते आम्हाला समजावणार होते. त्यांनी फळ्यावर गती, चालना, प्रेरणा असे शब्द लिहिले आणि एकेकीला अर्थ विचारू लागले. शेजारची मालवणची मावशी पुटपुटली, "गो बाय, खळ थिजली बघ. ह्येंका सांग कोणतरी." मी बादलीकडे बघत होते, म्हणून साहेबांनी मलाच उठवलं. "बाई, प्रेरणा म्हणजे काय?" चौथी शिकलेली मी, चारचौघांत तोंड उघडेना. "बघा शेठ, हीच तर अडचण आहे," म्हणत त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खळ परत शिजवावी लागली, आम्ही साडेसातला सुटलो आणि घरी पोचले तेव्हा नळ कोरडा होता. घरात रिकामा हंडा असला की बाई आपोआप पळते, तिला शिकवावं लागत नाही, हे साहेबांना सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा सुचलं असतं तरी मी बोलले नसतेच, आणि चीड येते ती त्याचीच.