हरणाबाई त्या दिवशी रडली नाही

सत्त्याण्णव साली सांगलीत पेजरचं खूळ आलं, तेव्हा कोरेगावची आम्रपाली तिथल्या एका पेजरच्या ऑफिसात लागली. लोक फोनवर निरोप सांगायचे, ती तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची आणि तो ज्याच्या त्याच्या कमरेच्या डबीवर उमटायचा. सांगणारा शिव्या घालू दे नाहीतर गळा काढू दे, पलीकडं पोचायच्या त्या दोन कोरड्या ओळी. पोरीच्या जिवाला ते लागायचं. मग ती शेवटी पदरचा एक शब्द घालायला लागली: रागानं, हसत, रडत. गिऱ्हाइकं खूश! पण साहेब आप्पासो म्हणजे भलते काटेकोर. "आपण निरोपे, बाई. नसत्या पंचायती बंद," म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत झापलं. घर तिच्या पगारावर चाललेलं. तिनं ते शब्द घालणं बंद केलं.

शिराळ्याच्या हरणाबाईचा फोन आठवड्यातून दोनदा ठरलेला. तिचा मानसिंग कुपवाडला मशिनी दुरुस्त करायचा. पेजर मालकानं दिलेला. "बाप लय आजारी हाय, ये म्हणावं त्याला," म्हणत म्हातारी हंबरडा फोडायची. सुरुवातीला मानसिंग धावत गेला, तर बाप कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेला! मग तो जाईनासा झाला.

एका मंगळवारी दुपारी पुन्हा तोच निरोप. पण आवाज खालचा, सावकाश. एक हुंदका नाही. आज हे खरं आहे, हे आम्रपालीला कळलं. 'आई आज रडली नाही' असं तिनं टाइपसुद्धा केलं, आणि तेवढ्यात आप्पासो मागं येऊन उभे राहिले. तिनं ती ओळ खोडली आणि बाकीचा निरोप तसाच पाठवला. अहो, चार शब्द पाठवायला कितीसा वेळ लागतो? पण भ्याली बिचारी.

बाप त्याच रात्री गेला. मानसिंग दुसऱ्या दिवशी पोचला तो थेट स्मशानात.

तेरावं उरकून तो ऑफिसात आला, डोकं भादरलेलं.

"ताई, त्या दिशी आई फोनवर रडत हुती का?"

खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "न्हाई. तेवढ्या त्याच दिशी रडल्या न्हाईत."

मानसिंग बाकड्यावर बसला. "एवढंच कळवलं असतंत, ताई, तर मी पळत सुटलो असतो."

आम्रपालीच्या समोरचा फोन वाजत होता, आणि आप्पासो लांबून तो उचला म्हणून खुणावत होते.