गनीभाईंची अ‍ॅक्टिंग खुर्ची

कलेक्टर कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीवर वैद्य तेल तरी देतो. किश्श्यांवर औषध नाही! एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि माझे तर बहुतेक सगळे एकाच माणसाचे निघतात. मी नुसता घसा खाकरला तरी बायको म्हणते, "आले का गनीभाई!"

तर गनीभाई, म्हणजे अब्दुल गनी. तंजावरचं राज्य होतं तेव्हा त्यांचे वडील राजवाड्याच्या पागेत कारकून होते. पागेचं लिखाण मोडीत चालायचं, म्हणून मुलगाही लहानपणीच मोडी शिकला. अक्षर असं की जुन्या शास्त्रीबुवांनीही मान डोलवावी. पुढे राज्य खालसा झालं, राजवाड्याची दप्तरं कचेरीत आली आणि ती वाचायला ट्रान्सलेटरची शाखा निघाली. शाखा म्हणजे एक खोली, एक पंखा, एक हेड ट्रान्सलेटर आणि आम्ही दोघं. गनीभाई मोडी कागद मोठ्यानं वाचायचे, मी ऐकून इंग्रजीत उतरवायचो. कारण, आता तुमच्यापाशी काय लपवायचं, मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं! घरी मराठी बोलायचो, वाणसामानाची यादी तमिळमध्ये लिहायचो आणि अर्ज इंग्रजीत करायचो. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतल्या आम्हा सगळ्याच पोरांची ही तऱ्हा होती.

आमचे हेड ट्रान्सलेटर वारले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर गनीभाई बसले. पण 'अ‍ॅक्टिंग' म्हणून. कायमची ऑर्डर मिळाली की म्हातारपणाची काळजी मिटणार होती. ती मिळेपर्यंत कोणीही येऊन "उठा" म्हणावं आणि यांनी उठावं, अशी स्थिती. ऑर्डर देणं कलेक्टरसाहेबांच्या हातात होतं.

आणि साहेब वाईट नव्हते हो! तेच तर दुखणं होतं. वाईट माणसाला निदान शिव्या घालता येतात. हे साहेब प्रत्येक वेळी "सरकारच्या नजरेत सगळे धर्म सारखे" असं म्हणून सुरुवात करायचे. ते वाक्य कानावर पडलं की गनीभाई माझ्याकडे बघायचे आणि मी छताकडे.

*

गनीभाईंनी एकदा अर्ज केला. शुक्रवारी दुपारी नमाजाला अर्धा तास हवा, बदल्यात संध्याकाळी एक तास जास्त बसतो.

साहेब म्हणाले, "सरकारच्या नजरेत सगळे धर्म सारखे. एकाला प्रार्थनेसाठी सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल."

"आणि रविवार, साहेब?"

"रविवारचा इथे काय संबंध? रविवारी कचेरी बंदच असते!"

"का बंद असते?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मी शपथेवर सांगतो. मग म्हणाले, "कारण त्या दिवशी रविवार असतो!"

गनीभाई खोलीत परत आले आणि पंख्याखाली बसले. "भीमराव, त्यांचा देव कॅलेंडरात राहतो. आमच्या देवाला अर्ज करावा लागतो, तोही नामंजूर!"

तरी ते दर शुक्रवारी जायचे, आणि दर शुक्रवारी त्यांच्या नावापुढे लाल शाईनं गैरहजेरी पडायची. आम्हाला पोंगल मिळत होता, दीपावळी मिळत होती, म्हणून आम्ही कोणी चकार शब्द काढला नाही.

*

मग ते जोड्यांचं प्रकरण. त्या काळी साहेबांच्या खोलीत शिरायचा नियम होता. देशी जोडे असतील तर ते दाराबाहेर काढायचे आणि डोकं झाकलेलं ठेवायचं. विलायती बूट असतील तर बूट पायात ठेवायचे, पण टोपी काढायची. मी पगडीवाला आणि चपलावाला, मला कधी अडचण आली नाही.

गनीभाईंच्या पायाला गळू झालं. डॉक्टरनं पट्टी बांधून बूट घालायला सांगितलं. झालं! खाली बूट आणि वर तुर्की टोपी. दारावरचा शिपाई असा गोंधळला की त्यानं आत जाऊन साहेबांनाच विचारलं.

साहेब म्हणाले, "बूट आहेत ना? मग टोपी काढायला सांग."

"आमच्यात बोडक्यानं वडीलधाऱ्यांपुढे जाणं बेअदबी, साहेब," गनीभाई दारातूनच म्हणाले.

"मग बूट काढ."

बिचाऱ्यांनी भिंतीला धरून लंगडत बूट काढले. एवढ्यात साहेबांना आणखी एक शंका आली. जो माणूस बुटांत आला तो बूटवाला धरायचा की नाही? आणि बूटवाला धरला तर टोपी अजून डोक्यावर कशी?

गनीभाईंचा पाय ठणकत होता. साहेबाला तमिळमध्ये दुरै म्हणतात, तसं ते म्हणाले, "दुरै, वरचं काढू का खालचं, एकदा ठरवा. दोन्ही काढून मी कावेरीवर अंघोळीला जातो, कचेरीत येत नाही!"

त्या वर्षीच्या गुप्त शेऱ्यात 'विनय कमी' असं लिहिलं गेलं. पायाचं गळू कोणी लिहिलं नाही.

*

एकदा राजवाड्यातून फारसी पत्रांची पेटी आली. साहेब ती घेऊन स्वतः आमच्या खोलीत आले. चेहरा असा, जणू वाढदिवसाची भेट आणली आहे.

"गनी, शेवटी तुझ्या भाषेतलं काम आलं!"

"माझी भाषा तमिळ, साहेब. बापानं मारलं मराठीत आणि आईनं समजावलं तमिळमध्ये. फारसी कोणाला येत नाही आमच्यात."

"पण तू मुसलमान आहेस!"

"आहे की."

"मग फारसी यायलाच हवी."

"साहेब, तुम्ही ख्रिस्ती. येशू ज्या भाषेत बोलायचा ती तुम्हाला येते का?"

मी टाक शाईत बुडवला आणि बुडवूनच ठेवला. वर बघायची छाती नव्हती.

गंमत पुढेच आहे. आमच्या आजोबांनी मला छडी मारमारून फारसी शिकवली होती. आमच्या घराण्यात राजाची फारसी पत्रं लिहायची रीतच होती. मी ती पेटी आठ दिवसांत उरकली. साहेबांनी दोघांचेही शेरे लिहिले. माझ्या नावापुढे, 'परकी भाषा कष्टानं आत्मसात केली, कौतुकास्पद.' गनीभाईंच्या नावापुढे, 'स्वतःच्या भाषेची हयगय.'

आणि मोडी? मोडी गनीभाई वाचतात हे साहेबांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. इंग्रजी कागद मी नेऊन द्यायचो, म्हणून वाचणाराही मीच! मला राग आला होता. थोडं बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

*

मोहरम जवळ आला. मद्रासहून सर्क्युलर आलं की मिरवणुकीत हिंदू आणि मुसलमान यांच्यामध्ये किती शिपाई उभे करावे लागतील, याचा रिपोर्ट पाठवा. साहेबांनी गनीभाईंना बोलावलं. "तू त्यांच्यातला. मिरवणुकीत तुमची माणसं कोण कोण असतात, यादी दे."

आता आमच्याकडचा मोहरम तुम्हाला ठाऊक आहे. राजाच्या वेळेपासून पंजांना नवस बोलणारी निम्मी माणसं आपलीच. गनीभाईंनी यादी केली ती अशी. पंजा उचलणारे, राजवाड्याजवळचे मराठे, नवसाचे. ढोलवाले, तमिळ, पेरुमाळाच्या देवळातले. निखाऱ्यांवरून चालणारे, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. सरबत वाटप, भीमरावांची मावशी. मुसलमान, एक, अब्दुल गनी. तोही कचेरीत, रजा नामंजूर झाल्यामुळे!

साहेबांनी यादी दोनदा वाचली. "मग मी शिपाई कोणाच्या मध्ये उभे करू?"

"सरबतापाशी करा, दुरै. मारामारी झालीच तर तिथे होते."

साहेबांनी सरबतापाशी शिपाई उभे केले. मावशीनं त्यांनाही प्यायला दिलं.

*

आता हा किस्सा मला सांगायला आवडत नाही, तरी सांगतो. राणीच्या वाढदिवसाची पार्टी साहेबांच्या बंगल्यावर होती. गोरे लोक व्हरांड्यात. आम्ही हिंदू अंमलदार शामियान्यात, आमच्यासाठी ब्राह्मणाच्या हातची फळं आणि नारळपाणी. आणि लांब चिंचेच्या झाडाखाली एक खुर्ची, एक मेज, मेजावर चिठ्ठी, 'मुसलमान गृहस्थांसाठी'. गृहस्थ एकच होते, गनीभाई. मडमेनं मुद्दाम चौकशी करून त्यांना चालतील अशी बिस्किटं पाठवली होती. साहेब फिरत फिरत आमच्याकडे आले आणि खुशीत म्हणाले, "बघा, प्रत्येक धर्माची वेगळी सोय केली आहे!"

गनीभाईंनी तिकडून हात केला. "भीमराव, या की इकडे! सुम्मा, उगीच बसलोय एकटा."

माझ्या शेजारी माझे सासरे बसले होते, पलीकडे देवळाचे ट्रस्टी. मी हातातल्या केळ्याकडे बघितलं आणि उठलो नाही.

साहेबांवर चिडायला मला मजा येते. पण त्या दिवशी साहेबांनी फक्त खुर्ची मांडली होती. ती एकटी राहिली ती आमच्यामुळे. मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी गनीभाई एवढंच म्हणाले, "चिंचेखाली वारा बरा होता," आणि कागद वाचायला लागले.

*

शेवटी एकदाची हेड ट्रान्सलेटरची जागा कायम भरायची ठरली. गनीभाईंनी नवा कोट शिवला. मग ऑर्डर आली. मराठी ही हिंदूंची भाषा असल्यामुळे जागा मराठी हिंदूसच द्यावी, आणि उमेदवारानं मोडीची परीक्षा द्यावी. उमेदवार एकच, मी!

मी धावत साहेबांकडे गेलो. "साहेब, मला मोडी येत नाही. सगळं गनीभाई वाचतात."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा हा नम्रपणा मला फार आवडतो."

आता परीक्षा घेणार कोण? साहेबांनी मद्रासला लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं की या जिल्ह्यात मोडीचे खात्रीचे जाणकार एकच आहेत, अब्दुल गनी. त्यांना परीक्षक नेमावं!

नेमलं. ज्या जागेवर त्यांना बसता येत नव्हतं, त्या जागेची परीक्षा घ्यायला त्यांनाच बसवलं! साहेब हातात घड्याळ घेऊन हजर. गनीभाईंनी नवा कोट घातला होता. त्यांनी पागेचा एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"वाचा, भीमराव."

मी काय वाचणार, कपाळ! घाम पुसत बसलो.

"नापास," गनीभाई म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे ऑर्डर लिहिली. उमेदवारास मोडी शिकवावी. शिक्षक, अब्दुल गनी. दर सहा महिन्यांनी परीक्षा घ्यावी. उमेदवार पास होईपर्यंत गनी यांनी अ‍ॅक्टिंग राहावं. पास झाल्यावर त्यांनी उमेदवाराच्या हाताखाली काम करावं.

मला वाटलं, आता हा माणूस टेबल उलथवणार. गनीभाईंनी ऑर्डर घडी करून खिशात ठेवली. "शेरी, ठीक आहे. उद्या पाटी घेऊन या. आणि एक सांगतो, शिकवीन तर नीटच शिकवीन. अर्धवट शिकवणं मजकडून व्हायचं नाही."

आणि शिकवलं हो! चाळिशीच्या माणसाला पाटीवर गिरवायला लावलं, चुकलं की पुसायला लावलं. दीड वर्षात मी पागेचे कागद घडाघडा वाचायला लागलो. गनीभाईंचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून दुपारी मीच मोठ्यानं वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एखादा काना चुकला तर डोळे न उघडता टोकायचे.

दर सहा महिन्यांनी परीक्षा होत राहिली. मी नापास होत राहिलो. घरी बायको विचारायची, "अय्यो, त्या एवढ्याशा अक्षरांत आहे तरी काय?" सासऱ्यांनी तर बोलणंच सोडलं. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी गनीभाईंनी दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भीमराव, या वेळी वाचा. तुमच्या पोरीचं लग्न आलंय, जावयाकडच्यांना कायमची नोकरी दिसायला हवी. माझं आता राहिलंय किती?"

मी म्हटलं, "शेरी, बघू."

पोरीचं लग्न 'क्लार्क, दुय्यम' या बापानंच लावलं.

पुढे साहेब बदलले. ऑर्डर बदलली नाही. गनीभाई साठीला आले त्या वर्षी नवे साहेब परीक्षेला येऊन बसले. जुने रिपोर्ट चाळून त्यांचं डोकं भणभणलं होतं. गनीभाईंनी नेहमीसारखा कागद पुढे ठेवला. मी नेहमीसारखा त्याच्याकडे बघत बसलो. घड्याळाची वेळ संपली.

"नापास," गनीभाई म्हणाले.

नवे साहेब उठून उभे राहिले. "इतक्या वर्षांत एक अक्षर नाही? इतका मठ्ठ माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही!"

गनीभाईंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाले,

"नाही दुरै. असा दुसरा मिळायचाही नाही."