बारदान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पायावर उभं राहणं. गुरुवार होता, सकाळचे आठ वाजले असतील. वजनकाटा एक आणि पाय चार. काट्यावर मावतात दोनच. म्हणून तिचा डावा आणि माझा उजवा काट्यावर, उरलेले दोन हवेत, आणि पडू नये म्हणून एकमेकांच्या गळ्यात हात. एवढ्या वर्षांच्या संसारात हा काटा घरात येईपर्यंत आम्ही गळ्यात हात टाकून कधी उभे राहिलो नव्हतो, फोटोतसुद्धा नाही.

असं वजन का करायचं, तर चूक माझी. मी मापाडी होतो. शाळा चौथीपर्यंत. नाशिकच्या बाजार समितीत माल तोलायचा आणि आकडा मोठ्याने ओरडायचा, म्हणजे लिहिणारा लिहून घेतो. गोणीसकट वजन करायचं आणि रिकाम्या गोणीचं वजा करायचं. त्या रिकाम्या गोणीला आम्ही बारदान म्हणतो. तिथे एकदाही खोटं माप दिलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नवीन लग्न झालेलं, तिला घोटीहून माहेरचा तांदूळ भरलेल्या ट्रकमधून आणत होतो. चढायला फळी उंच, म्हणून तिला उचलली आणि सवयीने ओरडलो, "बेचाळीस!"

हमालांनी ट्रक डोक्यावर घेतला. नाशिकला उतरल्यावर ती एकच म्हणाली, "आजपासून माझं वजन तुम्हाला कळायचं नाय. मेले तरी नाय."

आणि नाही कळू दिलं. पोटुशी असताना दवाखान्यातल्या कागदाचा वजन लिहिलेला कोपरा फाडून गिळला होता बाईने.

मग म्हातारपण आलं. ती रुंद होत गेली, मी वाळत गेलो. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. तिला म्हणाल्या, गुडघ्यांसाठी वजन हळूहळू उतरवा. मला म्हणाल्या, "आजोबा, या वयात वजन घसरलं की ताकद जाते. चांगलं खा, रोज चाला, दर आठवड्याला दोघांचं वजन लिहून ठेवा." तिथल्या काट्यावर चढण्याआधी हिने बांगड्या, जोडवी, चष्मा आणि कवळी काढून माझ्या हातात दिली, मला दाराबाहेर काढलं आणि वर बिनदाताच्या तोंडाने दम दिला, "कान लावू नका!"

लेकीने घरी काटा आणून दिला. तिचं सासर सिडकोत, तिथून हुकूम सोडते. ही म्हणाली, "वजन करायचं तर जोडीनं. आणि तुम्ही एकटे चढायचं नाय. माझी शपथ."

"का?"

"मला येडी समजता? तुम्ही बारदान वजा कराल."

म्हणजे मी बारदान! पण हिशेब बरोबर होता तिचा. मी एकटा चढलो की ती उघडी पडणार. म्हणून कॅलेंडरवर दर गुरुवारी एकच आकडा, दोघांचा मिळून. तो हलतच नव्हता. तिला काकडी, मला गूळ-शेंगदाण्याचे लाडू. एकशे एकवीस.

"बघा, मी उतरते ते तुमच्यावर चढतंय," ती म्हणायची.

"नाहीतर तू चोरून लाडू खातेस आणि मी तसाच वाळतोय."

"शपथ हाय ना? मग गप बसायचं."

त्या गुरुवारी मी नवीन डोकं चालवलं. एका पायावर वाकून आकडा बघता येत नव्हता, आणि उतरून वाकेपर्यंत तो विझायच्या बेतात असायचा. म्हणून काट्यापुढे दाढीचा आरसा भिंतीला टेकवला. चढलो. आरशात बघितलं तर एकशे एक्कावन्न.

"अगं, एका आठवड्यात तीस किलो!"

"एकशे एक्कावन्न? हे वजन नाय, गणपतीची वर्गणी हाय. पावती फाडा!"

ती हसायला लागली, काटा हलायला लागला, मी तिला धरू की स्वतःला, कळेना. शेवटी दोघं खाटेवर पडलो. मग माझ्या लक्षात आलं की काट्यावरचा काड्याकाड्यांचा इंग्रजी दोन आरशात उलटा होऊन पाच दिसतो. एकशे एकवीसच होतं. आयुष्यभर मापं केली आणि म्हातारपणी आरशाने गंडवलं. दुपारी जेवण झाल्यावरही ती मधेच "पावती" म्हणून हसली आणि कुशीवर वळली. चहाला उठवायला गेलो, तर उठली नाही.

संध्याकाळी अमरधामला नेली. पुढचा डावा खांदा माझा. आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तिरडी उचलली आणि माझा खांदा आपोआप तोलायला लागला. जन्माची सवय. एका कोपऱ्याला एवढं, तर चार कोपऱ्यांना किती? बांबू किती, गवत किती, ते बारदान वजा. आकडा जिभेवर यायला लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "जड आहेत हो काकू." मी तिथेच थांबून त्याला म्हणालो, "तुझी आई जड." आणि खांदा काढून घेतला. लोकांना वाटलं, म्हातारा खचला. खचलो होतोच. पण आकडा पुरा होण्याआधी खांदा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक काटा घेऊनच पुढ्यात आली. डोळे सुजलेले, हातात कॅलेंडर.

"बाबा, चढा. आता तुमचं वजन घसरणार, मला माहितीये. आजचं किती ते लिहून ठेवते."

"मी एकटा चढत नाही."

"का?"

"तुझ्या आईची शपथ आहे."

"आई गेली, बाबा." ती रडली. मग नाक पुसून कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "आणि आई किती होती तेही कळेल. तुम्हाला नाही वाटत कळावंसं?"

वाटत होतं. त्या ट्रकपासून वाटत होतं. पण मला कळू नये, हा तिचा शब्द होता.

"थांब, तोंड धुऊन येतो," म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो. डब्यात तिने बुधवारी वळलेले लाडू होते. उभ्या उभ्या खाल्ले. किती, ते मोजले नाहीत. वर तांब्या तोंडाला लावला, पुन्हा भरला, पुन्हा लावला. खुंटीवर जावयाचं जाडं जाकीट होतं ते चढवलं. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आतल्या खिशात घातला. आणि बाहेर येऊन काट्यावर उभा राहिलो, दोन्ही पायांवर.

"जाकीट काढा ना."

"थंडी वाजते."

लेक वाकली. "त्रेपन्न! बाबा, तुम्ही तर भरलात की." मग बोटांवर वजाबाकी केली. "एकशे एकवीसातून त्रेपन्न... म्हणजे आई फक्त अडुसष्ट? मला तर जास्त वाटायची."

बत्ता बरगडीला टोचत होता. मी घसा साफ केला आणि बाजार समितीतल्यासारखा, लिहिणाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "अडुसष्ट!"

लेकीने लिहून घेतलं.