चातुर्मासातली जांभळी फुलं

आमच्या बोईसरच्या गॅलरीत ऊन आणि कारखान्यांची धूळ सोडली तर काही टिकत नव्हतं. म्हणून पालघरच्या नर्सरीतून मी ती वेल आणली. नर्सरीवाला म्हणाला, "बटाट्याची वेल म्हणतात हिला. नुसती शोभेची हां, फळं तोंडात घालू नका." श्रावणात जांभळ्या फुलांचे असे घोस लटकले की सासूबाई हरखूनच गेल्या. रोज ताटलीभर फुलं तोडून देवाला वाहायच्या. यंदा तर सासऱ्यांसाठी मुद्दाम. त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते पालघरला दवाखान्यात दाखल होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. फुलापुढे मोबाईल धरून नाव शोधलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर वांग्याच्या जातीतली रानवेल! चातुर्मासात देवाला वांगं वाहता की काय?" जिभेला हाड म्हणून नाही बाईच्या.

आमचं घर खानदेशातलं. भरिताच्या मुलखातली माझी सासू, पण आषाढी एकादशी ते चंपाषष्ठी वांग्याकडे ढुंकूनही बघत नाही. सासूबाई मटकन खाली बसल्या. दवाखान्यात न्यायचा डबा भरलेला, रिक्षा खाली उभी, आणि या जागच्या हलेनात. "माझ्या हातून पाप झालं गं. तू जा. मी त्यांच्यासमोर यायला नको."

मी भडकलेच. "बटाटाही त्याच घराण्यातला आहे आई, तो बरा उपासाला चालतो!" त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळेना. मग मलाही भरून आलं. काय करावं सुचेना, तेव्हा सासऱ्यांनाच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि झालेलं सगळं सांगितलं.

ते आधी हसले, मग कळ आली म्हणून कण्हले. "अगं वेडे, चातुर्मासात देव झोपलेला असतो. त्याला काय कळतंय कुठलं फूल ते?"

"देव झोपलाय," सासूबाई हुंदका आवरत म्हणाल्या, "मग उद्या तुमच्याकडे बघणार कोण?"

सासरे अगदी हळू म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, तू ये. मला भीती वाटतेय गं."

सासूबाई उठल्या. डोळेसुद्धा न पुसता चपला घालून जिना उतरायला लागल्या. डबा मीच उचलला.