पहिल्या पानावरचा खुनी

आप्पांचा एक किस्सा सांगायला बसलं की मागनं चार येतात आणि चहा गार होतो. साखर कारखान्याच्या लॅबमधून आप्पा रिटायर झाले, पण कॅन्टीनमधल्या आमच्या वाचणाऱ्या टोळक्याचे ते अजून मुकादमच! आता त्यांना पाटसची क्वार्टर सोडून दौंडला मुलाच्या फ्लॅटवर जायचं होतं. तिथं माणसांनाच जागा कमी, चार कपाटं पुस्तकं कुठं ठेवणार? मुलगा म्हणाला, "आप्पा, ई-रीडर घ्या."

*

त्या कपाटांत निम्म्या रहस्यकथा. आणि प्रत्येकीवर दिनकरमामांची पेन्सिल!

मामा आमचे बॉयलरवाले, कवठे येमाईचे. गावाहून येताना शिरूरच्या स्टँडवर पुस्तक घ्यायचे, एसटीत वाचून काढायचे आणि पहिल्या पानावर लिहून आप्पांना द्यायचे, "खून मुनीमानं केलाय. वाचा निवांत. – दिनकर."

आप्पा कॅन्टीन डोक्यावर घ्यायचे. "दिनकर, हात मोडीन तुझा!"

मामा शांत. "आप्पा, खुनी कोण ते ठाव असलं की माणूस नीट वाचतो. न्हाईतर नुसती पळापळ!"

*

एकदा मामांनी मुद्दाम खोटं नाव लिहिलं. आप्पा शेवटपर्यंत त्या बिचाऱ्या स्वयंपाक्यावर डोळा ठेवून बसले. खुनी निघाली घरमालकीण! आठवडाभर आप्पांनी बोलणं टाकलं. मग स्वतःच म्हणाले, "पुढचं कवा आणतोस?"

मामा जाऊन दोन वर्षं झाली. हंगाम सुरू झाला की मला अजून बॉयलरकडं बघवत नाही.

*

दौंडच्या दुकानात मी आप्पांसोबत होतो. त्यांनी सवयीनं बोटाला थुंकी लावली आणि स्क्रीनवर फिरवली. दुकानदार कळवळला, "आप्पा, कोरडं बोट लावा! तसं हे पाण्यात पडलं तरी चालतं म्हणा."

"मला वाचायचंय. पोहायचं न्हाई."

"ह्यात हजारो पुस्तकं मावतात."

"आन् कुणी एक मागितलं तर?"

"मग मशीनच द्यावं लागंल की."

"म्हंजी एकाला दिलं की मी बिनपुस्तकाचा!"

शेवटी ज्यात अक्षर सगळ्यात मोठं होतं, ते घेतलं.

*

पुस्तकं केंदूरला, आप्पांच्या गावच्या वाचनालयाला द्यायची ठरली. टेम्पो दारात उभा. आप्पा एकेक पुस्तक घेऊन पहिलं पान उघडायचे, बघायचे, मिटायचे. दुपार झाली तरी अर्धं कपाट रिकामं होईना.

मला राहवेना. "आप्पा, मामांनी लिहिलेली तेवढी पानं काढून ठिवा की तुमच्याजवळ."

"येडा हायेस व्हय? मग लोकांनी निवांत कसं वाचायचं?"

मी टेम्पोच्या मागं जाऊन डोळे पुसले.

*

महिन्यानं आप्पा कॅन्टीनला आले. चेहरा पडलेला. "एक रहस्यकथा वाचली रं ह्यात. पहिल्या पानावर कायबी न्हाई. नुसती पळापळ झाली बघ."

आणि मशीन माझ्या हातात दिलं. "घे, तू वाच."

"आन् तुम्ही?"

"बसतो की बिनपुस्तकाचा."

घरी जाऊन ती रहस्यकथा उघडली. पहिल्याच पानावर नोटचं चिन्ह दिसलं. दाबलं.

"खून डॉक्टरनं केलाय. वाचा निवांत. – दिनकर."